जेवणाच्या सुट्टीतले सहा मायक्रॉन

ड्रॉइंग हातात आलं तेव्हा मी भाव विचारला नाही, आधी ८४ हा आकडा बघितला. एसजी आयर्नची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पंप बॉडी, तिच्यात ३२ मिलीमीटर व्यासाची दोन भोकं, म्हणजे बोअर, दोन्हींना एच६, म्हणजे व्यासात शून्य ते अधिक सोळा मायक्रॉनची सूट. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आणि त्या दोन बोअरमधलं अंतर ८४, अधिक-उणे ०.०१५. कोपऱ्यात बारीक अक्षरात सीपीके १.६७, म्हणजे सगळे नग टॉलरन्सच्या आत किती खात्रीने बसतात त्याचा आकडा, जितका मोठा तितका चांगला. महिन्याला तीन हजार नग. भोसरीत जॉबवर्क करणाऱ्याच्या हातात असं शेड्यूल पडलं तर त्याने पेढे घेऊन घरी जावं. मी ड्रॉइंगची घडी घालून खिशात ठेवली आणि दोन दिवस कुणाला दाखवली नाही.

हिशोब साधा होता. पट्टा तीस मायक्रॉनचा. १.६७ हवा तर सिग्मा, म्हणजे नगानगातला पसारा, तीन मायक्रॉनच्या आत पाहिजे, आणि वर सरासरी नेमकी मधोमध बसायला पाहिजे. सरासरी नुसती सहा मायक्रॉन सरकली की तेवढ्याच सिग्मावर सीपीके घसरून १ वर येतो. आमच्याकडे तेव्हा दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशिनं, होत्या, एक अकरा वर्षांची, दुसरी सात वर्षांची. दोघींनी घर चालवलं, मुलीचं इंजिनिअरिंग केलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. तरी एका गुरुवारी, म्हणजे आमच्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, बॉलबारवाल्याला बोलावलं. दोन्ही टोकांना गोळे असलेली ही टेलिस्कोपसारखी काठी. एक टोक टेबलावर, दुसरं स्पिंडलमध्ये, आणि मशीनला दीडशे मिलीमीटर त्रिज्येचा गोल फिरवायला लावायचा. काठी किती आखडली, किती लांबली ते लॅपटॉपवर उमटतं. मोठ्या बाईंचा गोल २७ मायक्रॉनने वाकडा निघाला. वाय ॲक्सिस जिथे दिशा बदलतो तिथे नऊ मायक्रॉनचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा. धाकटीचं १६. सर्व्हिसवाल्याने पॅरामीटरमध्ये बॅकलॅश भरून नऊचे चार केले, पण झिजलेल्या स्क्रूवर ती नुसती पट्टी होती, औषध नव्हे. नवीन मशीन घ्यायचंच होतं. प्रश्न एवढाच, कुठलं?

जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूला इमटेक्स या मशीन टूलच्या प्रदर्शनाला गेलो होतो. प्रदर्शनात सगळी मशिनं लग्नातल्या नवरीसारखी दिसतात, म्हणून तिथे फक्त कॅटलॉग गोळा केले आणि पाय दुखवून घेतले. ड्रॉइंग आल्यावर ते कॅटलॉग पुन्हा बाहेर काढले आणि तीन कोटेशन मागवली. पहिलं आपल्याकडच्याच एका कंपनीचं, ८०० बाय ५०० स्ट्रोक, बीटी-४०, दहा हजार आरपीएम, ३१ लाख. दुसरं तैवानचं, मधलं, ४६ लाख. तिसरं जपानी, ९४ लाख. तिन्हींवर अठरा टक्के जीएसटी वेगळा. तो क्रेडिटमध्ये परत मिळतो हे खरं, पण जपानी मशीनवर तो जवळपास सतरा लाख होतो, आणि तेवढे आधी खिशातून जातात. तैवानवाल्याचा माणूस दोनदा वेळ देऊन आला नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

कॅटलॉगवरच्या आकड्यांचं मला फार कौतुक नाही. स्वस्त मशीनच्या कॅटलॉगमध्ये पोझिशनिंग ॲक्युरसी ०.०१० छापली होती. सेल्सवाल्या पोराला विचारलं, हा आकडा कुठल्या स्टँडर्डने काढलाय? पोरगा हुशार होता, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसावा. म्हणाला, "सर, कंपनी स्टँडर्डनुसार." आता आयएसओ २३०-२ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डने मोजायचं तर प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा जायचं, सगळा पसारा दोन सिग्मा धरून मोजायचा. जर्मन व्हीडीआय ३४४१ तीन सिग्मा धरतं, म्हणजे आकडा आणखी फुगतो. जुन्या जपानी जेआयएस पद्धतीत एकाच दिशेने जाऊन मोजतात, मग बॅकलॅश कागदावर येतच नाही. मशीन तेच, स्क्रू तोच, आणि एका कागदावर पाच, दुसऱ्यावर बारा. दोन मशिनांचे कॅटलॉग शेजारी ठेवून "हे पाच, ते दहा" करणाऱ्यांना मी हात जोडतो. पोराला म्हटलं, माझ्या शेडमध्ये मशीन बसवल्यावर लेझर लावून आयएसओने मोजून द्यायचं, हे ऑर्डरमध्ये लिहून देणार का? तीन दिवसांनी वरून होकार आला. नसता आला तर मी पुढे गेलोच नसतो.

मग ट्रायल. कंपनीच्या टेक सेंटरमध्ये पाच कास्टिंग घेऊन गेलो. टूल, होल्डर, बोअरिंग बार, सगळं माझं. फिक्स्चर, म्हणजे नग पकडून ठेवायची चौकट, तीही माझीच, रिक्षा टेम्पोत टाकून नेलेली. एसी बावीसवर, जमिनीवर इपॉक्सी, चहा काचेच्या कपात. पाचही नग सुरेख आले. ८४ चं अंतर दोन मायक्रॉनच्या आत. बोअरचा डायमीटर दाखवून सेल्सवाला म्हणाला, "बघा सर, सहा मायक्रॉन!" त्याचा उत्साह मोडवला नाही, पण बोअरचा डायमीटर बोअरिंग बार ठरवतो. बार माझा होता, सेटिंग आमच्या मामांचं. मशीनचं श्रेय बोअर किती गोल आला एवढ्यापुरतं. मशीनची परीक्षा दोन बोअरमधल्या अंतरात असते, कारण तिथे टेबल सरकतं.

मामा म्हणजे आमचे सेटर. लातूरकडचे, एकवीस वर्षं माझ्याकडे. नात्याने कुणाचेच मामा नाहीत, पण सगळ्या ब्लॉकचे मामा. परत येताना टेम्पोत म्हणाले, "साहेब, एसीत पाच नग म्हणजे पोरगी बघायला गेल्यावर पोहे खाऊन येण्यासारखं झालं. नांदते कशी ते कळंना."

म्हणून कंपनीकडे हट्ट धरला की हेच मॉडेल लागलेलं असेल अशा एखाद्या शेडमध्ये दिवसभर चालवून द्या. चाकणला एका जॉबवर्कवाल्याने परवानगी दिली. एप्रिलचा शेवटचा आठवडा. पत्र्याची शेड, दुपारी आत ३८. सकाळी सातला मशीन थंड असतानाच सुरू करायचं ठरवलं, वॉर्म-अप न करता, कारण माझ्या शेडमध्ये दुसऱ्या पाळीचा पोरगा काय करतो ते मला माहीत आहे. तीस कास्टिंग, प्रत्येकाला मार्करने नंबर.

इथे मी एक गाढवपणा केला. पहिले सहा नग निघाले तसे फडक्यात गुंडाळून गाडीत टाकले आणि चिंचवडच्या लॅबमध्ये सीएमएमवर, म्हणजे सूक्ष्म मापं घेणाऱ्या मशीनवर, ठेवले. पहिलाच ८४.०१६. दुसरा ८४.०१७. सहाच्या सहा रिजेक्ट. मी डोक्याला हात लावून बसलो. लॅबमधली मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, पार्टला हात लावून बघा." पार्ट कोमट होता. लॅब वीस अंशांवर, पार्ट छत्तीसच्या आसपास. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मीटरमागे अंशाला साधारण साडेदहा मायक्रॉन वाढतं. ८४ मिलीमीटर, सोळा अंश, गुणाकार केला की चौदा मायक्रॉन. माझी अर्धी टॉलरन्स नुसती गाडीच्या डिकीतली उष्णता होती. मोजमापाचं तापमान वीस अंश, हे १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलं आणि डिप्लोमाला आम्ही ते पाठ केलं होतं. पाठ असणं वेगळं. नग रात्रभर लॅबच्या ग्रॅनाइटवर ठेवले. सकाळी तेच सहा नग ८४.००१ ते ८४.००४.

आता तीसही नगांचे आकडे सांगतो, कारण माझा पुढचा सगळा निर्णय त्यांच्यावर उभा राहिला. पहिला ८४.००१. दहावा ८४.००६. अठरावा ८४.०१०. मग विसाव्यापर्यंत तिथेच, हलायला तयार नाही. साडेबाराला जेवणाची सुट्टी, मशीन पाऊण तास बंद. एकविसावा नग ८४.००४. आणि तिथून पुन्हा चढण. सीएमएमच्या स्वतःच्या कागदावर दोन-अडीच मायक्रॉनची अनिश्चितता लिहिलेली असते, त्यामुळे एक-दोन मायक्रॉनवर मी भांडत नाही. पण दहाचे चार होणं हे सीएमएमचं काम नाही. आलेख काढून मामांना दाखवला. बोट ठेवलं त्यांनी बरोबर त्या खड्ड्यावर.

"मशीन जेवायला गेलं की थंड पडतंय."

एवढंच होतं. टेबल सरकवणारा बॉलस्क्रू फिरून फिरून तापतो. पोलाद मीटरमागे अंशाला बारा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. स्क्रू नऊ अंश तापला की ८४ मिलीमीटरच्या चालीत नऊ मायक्रॉन जास्त सरकतो. मोटरच्या मागे बसलेल्या एन्कोडरला हे कळायचं कारण नाही. तो फेरे मोजतो, टेबल कुठे पोहोचलं ते बघत नाही. स्क्रू बसवताना त्याला ताण दिलेला असतो तो वाढ गिळायलाच, पण दोन-तीन अंशांपुरती. तीसही नग टॉलरन्समध्ये होते, एकही रिजेक्ट नाही. सीपीके मात्र काढला तर १ च्या जवळपास, आणि ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याने तो कागद माझ्या तोंडावर मारला असता.

जपानी मशीनची ट्रायल शोरूममध्ये घ्यायची इच्छाच राहिली नव्हती. माझा एक डाय-मोल्डवाला दोस्त दोन गल्ल्या सोडून आहे. त्याच्याकडे त्याच मेकचं मशीन, चौदा वर्षांचं. त्याला फोन केला तर ओरडलाच, "तुझं बीड माझ्या मशीनवर? काळी भुकटी स्लाइडवर बसली तर तू पुसणार आहेस का?" मी म्हटलं, मीच पुसणार. शेवटी पंधरा नगांवर तडजोड झाली, वर कूलंटची टाकी मी साफ करून द्यायची. त्याच्याकडे मशीनभोवती काचेचं पार्टिशन आणि एसी, पण त्या दिवशी मी एसी बंद ठेवायला लावला. तो म्हणाला, "बंद कर, काही फरक पडत नाही." त्याच्या आवाजातला तो माज मला आधी आवडला नाही.

पंधरा नग मुद्दाम दिवसभर पसरवले. सकाळी चार, चहानंतर चार, जेवणानंतर लगेच चार, संध्याकाळी तीन. ८३.९९९ ते ८४.००२. चौदा वर्षांचं मशीन. बॉलबार लावला तर गोल ३.८ मायक्रॉन. त्यापुढे चाकणच्या दोन वर्षांच्या मशीनचा १०.२. दोस्ताने मागचं कव्हर काढून दाखवलं: बॉलस्क्रू पोकळ, त्याच्या पोटातून गार तेल फिरतं. शिवाय ॲक्सिसवर काचेची स्केल, ती टेबल खरोखर कुठे आहे ते बघून कंट्रोलला सांगते. स्लाइड हाताने स्क्रेप केलेल्या. बेडचं वजनच इतकं की पंधरा-वीस मिनिटांच्या उन्हाने त्याला काही होत नाही.

दोन्हींची तुलना करताना मला वाटलं होतं की स्वस्त मशीन कमी अचूक आणि महाग मशीन जास्त अचूक, एवढंच निघेल. तसं निघालं नाही. स्वस्त मशीन सकाळी आठला अचूक होतं आणि दुपारी बारालाही आपापल्या जागी स्थिर होतं. फक्त या दोन जागा वेगळ्या होत्या. त्याचा दोष चंचलपणाचा होता. आणि चंचलपणाचं कारण कळलं की त्यावर काहीतरी करता येतं, तेही वरचे त्रेसष्ट लाख न मोजता.

सेल्सवाल्याला पुन्हा बोलावलं. एक्स आणि वाय ॲक्सिसला लिनिअर स्केल, २.६ लाख. पार्ट प्रोब, म्हणजे मशीनमध्येच नगाला टेकून माप घेणारी सुई, २.४ लाख. स्पिंडलला चिलर, कारण स्पिंडल तापला की झेडमध्ये वीस-पंचवीस मायक्रॉन खाली उतरतो आणि माझ्या बॉडीत एका खोलीवर पन्नासची टॉलरन्स होती, तो एक लाख. एकूण ३७. प्रोबबद्दल एक सांगायला हवं. बरेच जण समजतात की प्रोब लावला की उष्णतेचा प्रश्न मिटला. प्रोबने डेटम, म्हणजे मोजायला सुरुवात करायची जागा, सरकल्याचं कळतं. स्क्रूची चालच लांबली असेल तर प्रोबही त्याच लांबलेल्या स्क्रूवर चालून मोजतो, त्याला ८४ हे ८४ च दिसतात. त्यासाठी स्केलच लागते.

मग बँकेचा हिशोब. ऐंशी टक्के कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं. जपानी मशीनचा हप्ता १ लाख ६१ हजार, दुसऱ्याचा साडेत्रेसष्ट हजार. फरक जवळजवळ ९८ हजार महिन्याला. जपानी मशीनवर एक नग ५.२ मिनिटांत निघत होता, दुसऱ्यावर ६.५. कागदावर हे फार मोठं दिसतं: महिन्याला ३७५ तास धरले तर ४३०० नग विरुद्ध ३४६० नग. साडेआठशे जादा नग, ६२ रुपये मशीनिंगचा भाव, म्हणजे ५३ हजार. हप्त्यातला अर्धा फरक इथेच भरून निघाला, असं सेल्सवाल्याच्या लॅपटॉपवर दिसतं. पण माझं शेड्यूल तीन हजारांचं होतं! तीन हजार नगांना स्वस्त मशीनला ३२५ तास पुरतात. जपानी मशीन ते २६० तासांत संपवणार आणि उरलेले ११५ तास मी काय करणार? त्या तासांना त्याच तोलाचं काम पाहिजे, भोसरीतल्या चारशे रुपये तासाच्या कामाने तो हप्ता निघत नाही. वेग विकत घेताना गिऱ्हाईक सोबत मिळत नाही.

उलट बाजूही मी लपवत नाही. दोस्ताचं मशीन आज विकायला काढलं तर लोक रांग लावतील, तीस लाखांच्या खाली तो बोलणारच नाही. माझ्या अकरा वर्षांच्या मशीनला भंगारवाला आणि डीलर मिळून सहा म्हणतात. दहा वर्षांचा पूर्ण हिशोब धरला तर महाग मशीन वाटतं तेवढं महाग नाही. मी छत्तीसचा असतो आणि डायचं काम माझ्या हातात असतं तर कदाचित ९४ वर सही केली असती. मी बावन्नचा आहे. आणि त्याच्या डायमध्ये चाळीस तास एकच फिनिशिंग पास चालतो, तिथे सकाळचं मशीन आणि संध्याकाळचं मशीन वेगळं असून चालत नाही, पृष्ठभागावर पायरी दिसते. माझा नग साडेसहा मिनिटांत उतरतो. दोघांच्या गरजाच निराळ्या. त्याच्याशी एवढं ठरवलं की मला कधी तसलं काम आलं तर तासाला अकराशे रुपये देऊन त्याच्या मशीनवर करायचं, टाकी साफ करायची अट न ठेवता.

मशीन ऑगस्टमध्ये आलं. क्रेन, पाऊस, गल्लीत अडकलेला ट्रेलर, हे सगळं नेहमीचं. पण जागा निवडताना पुन्हा मामा. मी भिंतीलगतचा कोपरा ठरवला होता, फाउंडेशनची खूणसुद्धा केली होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं प्रेस शॉप, शंभर टनी पॉवर प्रेस. मामांनी फरशीवर पाण्याची वाटी ठेवली आणि मला बोलावलं. प्रेस बसला की वाटीत तरंग. आम्ही जागा बदलली. शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलं, वायरिंगचे अठ्ठावीस हजार जास्त गेले.

लेव्हल लावायला कंपनीचा इंजिनिअर आला, ०.०२ वाली स्पिरिट लेव्हल घेऊन. दीड तासात झालं म्हणाला. बॉलबार लावला तर एक्स-वाय काटकोनात मीटरमागे २४ मायक्रॉनचा फरक. चाकणला हाच आकडा नऊ होता. त्याने मशीनवर शंका घेतली, मी त्याच्यावर. शेवटी मशीनखालचे पॅड पुन्हा मोकळे केले, आधी मधले दोन सोडून चार कोपरे धरले, मग मधले नुसते टेकवले. संध्याकाळी सातला आठ मायक्रॉन. नवं काँक्रीट बसतं, म्हणून महिन्याने पुन्हा बघितलं तर लेव्हल थोडी हललेली होती, पुन्हा लावली. महाग मशीन त्या पहिल्या दीड तासाच्या लेव्हलवर उभं केलं असतं तर तेही वाकडंच चाललं असतं. लेझर रिपोर्ट आयएसओने आला: एक्स ६.१, वाय ५.४ मायक्रॉन. सही करताना त्या सेल्सवाल्या पोराचा चेहरा फुलला होता. कॅटलॉगपेक्षा चांगला आकडा त्याने पहिल्यांदाच बघितला असावा.

खंडेनवमीला नव्या मशीनची पूजा केली. झेंडूचा हार कंट्रोल पॅनलवर, नारळ बाहेर, कारण कूलंटमध्ये नारळाचं पाणी पडलं की काय वास येतो ते आम्हाला माहीत आहे. तोवर पहिले दोन लॉट गेले होते. सीपीके दोनच्या वर.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. डिसेंबरमध्ये रात्रपाळीच्या ऑपरेटरने टूल बदलून ऑफसेट, म्हणजे टूलची लांबी, भरताना एच०७ ऐवजी एच१७ च्या खान्यात आकडा भरला. प्रोग्रॅममधल्या जी४३ एच०७ या आज्ञेने जुनीच लांबी उचलली, आणि बोअरिंग बार रॅपिडने फिक्स्चरवर. मला रात्री दीडला फोन. पोरगा रडत होता. मी आधी विचारलं, हातापायाला काही लागलं का? मग मशीनचं विचारलं. सकाळी मँड्रेल, म्हणजे तपासणीचा सरळ दांडा, लावून पपी डायलने, म्हणजे काट्याच्या छोट्या मापकाने, बघितलं: तीनशे मिलीमीटरवर रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, ४८ मायक्रॉन. स्पिंडल गेला. दुसऱ्या दिवशी सर्व्हिसवाला, पाचव्या दिवशी नवं कार्ट्रिज बसलं, बिल २ लाख ४० हजार. पाच दिवस जुन्या दोघींनी कसंबसं शेड्यूल ओढलं, शंभर टक्के तपासणी करून.

दोस्ताकडे दोन वर्षांपूर्वी अशीच धडक झाली होती. त्याचा स्पिंडल बाहेरून यायला नऊ आठवडे लागले. त्या काळात तो दुसऱ्यांच्या मशीनवर डाय घेऊन फिरत होता. बिलाचा आकडा त्याने मला अजून सांगितलेला नाही, आणि मीही विचारत नाही. कोटेशनची तुलना करताना "पडलं तर कोण उचलणार आणि किती दिवसांत" हा रकाना मी तेव्हा भरला नव्हता. नशिबाने उत्तर माझ्या बाजूने आलं, हुशारीने नव्हे.

एक गंमत राहिली. चाकणचा तो आलेख मामांनी घडी करून पाकिटात ठेवला होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतःहून जुन्या दोन्ही मशिनांसाठी छोटा प्रोग्रॅम लिहून घेतला. टूल नाही, कूलंट नाही, नुसता स्पिंडल तीन हजारावर आणि टेबल कामाच्याच फीडने मागेपुढे. सकाळी पंचवीस मिनिटं, आणि जेवणाच्या सुट्टीत पूर्ण पाऊण तास. जुन्यांवर आम्ही डोवेलची भोकं करतो, त्यात जेवणानंतरचे पहिले चार-पाच नग नेहमी कडेला जायचे आणि आम्ही दोष ड्रिलला द्यायचो. ते बंद झालं. अकरा वर्षं आम्ही तो खड्डा रोज खात होतो. विजेचं बिल थोडं चढलं, मी बोललो तर मामांनी रिजेक्शनची वही पुढे ठेवली.

आता साडेबाराला आमच्या शेडमध्ये माणसं डबे उघडून बसलेली असतात आणि मशिनं रिकामीच चालू. नव्या पोरांना वाटतं कुणी बंद करायला विसरलं. परवा एकजण उठून ई-स्टॉप दाबायला निघाला, तर मामा भाकरीचा घास हातात धरूनच ओरडले, "राहू दे रे, त्याचं जेवण चाललंय."